न मावळलेला शुक्रवार

“कुठं जायाचं हाय, मावशी?” रिक्षावाल्यानं विचारलं आणि रूबी थळकरच्या तोंडून आपसूक निघून गेलं, “पुढं.”

रिक्षावाला मान वळवून बघायला लागला. पन्नाशीचा, रापलेला, डोक्याला रुमाल बांधलेला माणूस. “पुढं म्हंजे कुठं? पुढं तं उरण हाय.”

“मग उरणला चला.”

“उरणला? नक्की ना?”

“उरणच्याही पुढं. करंजाला.”

आपण हे बोललो याचं तिला जरासं नवल वाटलं. शेजारी बसलेल्या कुणी आपल्या आवाजात सांगून टाकावं, तसं. घर तर पाच मिनिटांवर होतं. फोटो स्टुडिओतून बाहेर पडायचं, रिक्षा करायची, लाइन आळीच्या तोंडाशी उतरून कोथिंबीर घ्यायची आणि दोन जिने चढायचे, इतकाच बेत होता. पर्समध्ये पाकीट होतं, पाकिटात आठ फोटो. आठही फोटोंत एकच बाई, त्रेसष्ट वर्षांची, मान ताठ, ओठ मिटलेले, आणि चेहऱ्यावर कुणाचं तरी बोलणं पुरतं ऐकू न आल्याचा भाव. रिक्षा सुरू झाली, पहिल्याच खड्ड्यात आदळली, आणि रूबीचा हात झटकन वर गेला, कपाटाचं दार धरायला. तिथं कपाट नव्हतं, रेक्झीनचं छत होतं. नॉर्वेहून येऊन दोन महिने होऊन गेले तरी हात अजून त्या चालत्या घरातच राहत होता.

सकाळी घडलं ते एवढंसंच. शेजारची हेतल विरजण मागायला आली होती, आणि रूबीच्या नवऱ्यानं, नाथननं, तिला चहाला बसवून घेतलं. हेतलला त्यांच्या प्रवासाच्या गोष्टी आवडायच्या आणि नाथनला त्या सांगायला. मोटरहोम केवढी, तिच्यात झोपायचं कुठं, संडासाची टाकी कोण रिकामी करायचं, हे सगळं सांगून झालं, आणि मग तो धुक्याच्या गोष्टीवर आला. ही गोष्ट रूबीनं त्याच्या तोंडून दहा वेळा ऐकली होती, पण आज तिला नवं शेपूट होतं. “आणि आमच्या बाईसाहेब इकडे हॉर्न वाजवतायत, पँऽ पँऽ, सगळं जंगल उठवलं. आणि मी कुठं असेन सांग? तिथंच! तीस पावलांवर. खडकाआड बसून ऐकत होतो!” “अंकल, तुम्ही पण ना!” म्हणून हेतल हसली. नाथनही हसला. रूबी चहा गाळत होती. चहा कपाच्या काठाशी आला, काठावरून बशीत उतरला, बशीतून ओट्यावर. तिनं फडकं घेतलं, ओटा पुसला, फडकं पिळून वाळत टाकलं, आणि म्हणाली, “मी ते फोटो काढून येते.” इस्रायलला कायमचं राहायला जायच्या फॉर्मला फोटो लागणार होते. तिकडून, अश्दोदहून, लेकीचे, हदासचे दिवसाआड फोन येत होते, ममा, पप्पा, महिनाअखेर कागद इथं पोचले पाहिजेत.

रिक्षा पनवेलबाहेर पडली. श्रावणातली उघडीप होती, चार दिवस पाऊस नव्हता, आणि धुऊन निघालेल्या उन्हात ट्रेलरच्या रांगा लखलखत होत्या. नाथनचं आयुष्य या गाड्यांत गेलं. कळंबोलीला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत छत्तीस वर्षं तो गाड्या रवाना करत होता. कुठला रस्ता खचलाय, कुठल्या घाटात रात्री थांबू नये, गुवाहाटीच्या अलीकडे जेवण कुठं बरं मिळतं, हे त्याला तोंडपाठ होतं, आणि स्वतः तो नागपूरच्या पलीकडे कधी गेला नव्हता. म्हणून लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा हदासनं आणि तिच्या नवऱ्यानं विचारलं, “तुम्हांला काय हवं?” तेव्हा तो म्हणाला, “एक रिकामा रस्ता. ज्यावर ट्रक नाही. आणि गाडी मी चालवणार.” त्यावर हदासनं जगाच्या टोकाचा देश शोधून काढला. जूनमध्ये ती दोघं नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला उतरली, तेव्हा एक पांढरीशुभ्र, फ्रीजसारखी दिसणारी मोटरहोम त्यांची वाट बघत उभी होती. नाथननं तिच्याभोवती एक फेरी मारली, चारी टायरांना लाथ मारून बघितली, आणि स्टेअरिंग डावीकडे असूनही पहिल्या वळणापासून अशी चालवली की गाडी देणारा माणूससुद्धा हात बांधून कौतुकानं बघत राहिला.

नाथन तिला गाडी म्हणायचा. रूबी घर म्हणायची. “गाडी इथं लावू का?” “लावा, घर सावलीत राहील.” अकरा दिवस दोघं एकाच वस्तूविषयी दोन शब्दांनी बोलत होती आणि कुणालाच ते खटकलं नव्हतं. घरात एक ओटा होता हातभर लांबीचा, दोन शेगड्या, एक गादी, आणि प्रत्येक कपाटाला खटका. निघण्याआधी सगळे खटके लागले की नाही ते बघायचं काम रूबीचं. एकदा एक राहिला आणि पोहे, चिंच, हिरवा मसाला सगळं घाटात अंगावर आलं. नाथन हसून हसून थांबला होता. बाहेर डोंगर होते, काळेकभिन्न, बोडके, बर्फाच्या ओघळांनी चरे पडलेले, आणि प्रत्येक डोंगराच्या पायाशी समुद्र आत घुसलेला. रूबी त्याला खाडी म्हणायची. तिथं झाडं तिच्या खांद्याएवढी होती, मग कमरेएवढी झाली, मग नुसतं शेवाळ राहिलं. माणूस दिसायचा नाही. कधी रस्त्याच्या मधोमध रेनडियर उभे असायचे, आपल्याकडच्या गायींसारखे, हॉर्नला न जुमानता. आणि उजेड. तो उजेडच मुळी तिला कळला नाही. तो सकाळचा नव्हता, संध्याकाळचा नव्हता. तो संपत नव्हता. झोपताना काळे पडदे ओढायचे, तरी कडांमधून तो पिवळा धागा आत यायचा आणि डोळ्यांवर पडून राहायचा. तिसऱ्या दिवसापासून तिला आपण जागे आहोत की झोपेत चाललोय हे नीट सांगता येईना. स्वप्नं उघड्या डोळ्यांनी पडायची. डोंगराच्या कडेला पनवेलच्या एक्स्चेंजमधला स्विचबोर्ड दिसायचा, त्याचे लाल दिवे लुकलुकताना.

टेलिफोन खात्यात ती बाविसाव्या वर्षी लागली. तेव्हा ट्रंक कॉल असायचे, आणि पनवेल, पेण, अलिबागकडची बेने इस्राएल ज्यू कुटुंबं एकेक करून उठून इस्रायलला चालली होती. मागे राहिलेली म्हातारी माणसं तिच्याकडे कॉल बुक करायची. तासन् तास आवाज कुठून कुठून फिरून यायचा, आणि शेवटी ती म्हणायची, “बोला, लागलाय.” मग कानाला हेडफोन लावून ती ऐकायची. ऐकायचं नसतं, पण ऐकायची. “कसे आहात?” “बरे आहोत. तुम्ही?” “बरे आहोत. तिकडे पाऊस आहे का?” एवढंच बोलून माणसं रडायची आणि वेळ संपायची. जाणाऱ्यांचे आवाज पहिल्या वर्षी ओळखू यायचे, मग त्यांत परके उच्चार शिरायचे, मग फोन कमी व्हायचे. सिनेगॉगमध्ये पूर्वी बसायला जागा नसायची, आता प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायला शेजारच्या गावांहून माणसं बोलवावी लागायची. नाथन दर वर्षी म्हणायचा, आपणही जाऊ. रूबी दर वर्षी म्हणायची, बघू. तीन वेळा ती अश्दोदला जाऊन राहून आली होती. नातवंडं प्रेमळ होती, गालांचे मुके घ्यायची आणि मग भराभर हिब्रूत बोलत निघून जायची. ती सोफ्यावर बसून राहायची, कुणीतरी ठेवून गेलेल्या पार्सलसारखी. जन्मभर जिनं दुसऱ्यांचे आवाज जोडून दिले तिला तिथं रांगेत ‘पुढं सरका’ म्हणतासुद्धा येत नव्हतं.

“या डाव्या हाताला आमचं मिठागर होतं,” रिक्षावाला म्हणाला. त्याचं नाव काशिराम, तो कोन गावचा जावई आणि उरणकडचा आगरी, हे एव्हाना त्यानं सांगून टाकलं होतं. डाव्या हाताला कंटेनरची भिंत होती, निळी, तांबडी, पिवळी, चार-चार मजली. “सगळं गेलं. आमी हितंच हाव. पन माजा बा, त्याचं वय झालंय, सकालीं उठला का ईचारतो, आगरात पानी घेतलं का रं? मी सांगतो, घेतलं.”

“रोज सांगता?”

“मंग? नाय सांगितलं तं जेवत नाय.” थोडं पुढं गेल्यावर तो म्हणाला, “लोक जातात जागा सोरून. आमची तं जागाच आमाला सोरून गेली.” आणि हे फार झालं असं वाटून त्यानं उगाच हॉर्न वाजवला.

हॉर्न ऐकताच रूबी मनाशी अंक मोजायला लागली.

नॉर्वेतला तो शुक्रवार होता. सहावा दिवस. एका ओसाड पठारावर, खाडीच्या काठी त्यांनी घर लावलं होतं. जवळच लाकडी दांड्यांचे मोठमोठे मांडव होते, मासे सुकवायचे. मासे काढून नेले होते, मांडव रिकामे होते, तरी वास होता. खारट, जुना, चिकट वास. रूबी दारात उभी राहिली आणि तिला एकदम करंजा आठवलं. लहानपणी वडिलांबरोबर मचव्यातून उतरताना अंगावर येणारा वास. तिला रडू आलं, पण वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येतच होतं, त्यामुळे नाथनला कळलं नाही. तिनं काचेचा प्याला काढला, त्यात पाणी भरलं, वर खोबरेल तेल ओतलं, वात सोडली. शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विसाव्याचा दिवा शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी लावायचा. मग हातात काडेपेटी धरून ती थांबली. सूर्य समोर टेकडीवर होता, आणि तो तिथून कुठं जाणार नव्हता.

“किती वाजता लावू?” तिनं विचारलं.

नाथननं घड्याळ बघितलं, मनाशी हिशेब केला. “पावणेसातला. तेव्हा अश्दोदला मावळेल.”

“पनवेलला पावणेचारला मावळेल. इथल्या पावणेचारला. म्हणजे आता अर्ध्या तासात.”

“पनवेलचं काय मध्येच?”

“आपलं घर तिथं आहे.”

“पनवेलला आत्ता कोण दिवा लावतंय रूबी?” तो शांतपणे म्हणाला. “घराला कुलूप आहे आपल्या.”

हे तो भांडून म्हणाला असता तर तिनं उत्तर दिलं असतं. तिनं काडेपेटी खाली ठेवली. “मग इथलीच वेळ धरू. इथला सूर्य मावळेल तेव्हा लावीन.” “म्हणजे लावणारच नाहीस.” “म्हणजे शुक्रवारच राहू दे.” आणि खरंच, शुक्रवार राहिला. पावणेचार वाजले, पावणेसात वाजले, प्याल्यातली वात तेलात कोरडीच तरंगत राहिली. तिला एकाच वेळी सुटल्यासारखं आणि बुडाल्यासारखं वाटत होतं. दोघांनी निमूट जेवून घेतलं. नाथन म्हणाला, “जरा पाय मोकळे करून येतो,” आणि टेकडीकडे चालू लागला. त्याची पाठ, त्याचं निळं जाकीट, चालताना उजवा खांदा किंचित खाली. मग खाडीवरून धुकं आलं. आलं म्हणजे एखाद्यानं चादर ओढावी तसं आलं. आधी मांडव गेले, मग टेकडी, मग रस्ता, मग घराचा आरसा. उजेड मात्र गेला नाही. सगळं पांढरं झालं, दुधात बुडवल्यासारखं, आणि त्या पांढऱ्यात निळं जाकीट कुठंच नव्हतं.

तिनं हाका मारल्या. हाक तोंडापुढेच मऊ होऊन पडायची. फोनला रेंज नव्हती, जन्मात पहिल्यांदा तिच्या हातातल्या यंत्रातून काहीसुद्धा ऐकू येत नव्हतं. गाडी तिला चालवता येत नव्हती. मग ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि हॉर्न दाबला. मनात साठ अंक मोजायची, दाबायची. पुन्हा साठ. अंक मोजता मोजता तिला चाळीस वर्षांतले नाथन दिसत होते, वीस वर्षांपूर्वीचा, काविळीत पिवळा झालेला, आणि त्याआधीचा, हदासला पहिल्यांदा हातात घेताना चप्पल काढून उभा राहिलेला. अंक चुकायचे, ती पुन्हा पहिल्यापासून मोजायची. वीस-पंचवीस वेळा हॉर्न झाल्यावर तिनं एलियाहू हन्नाबीला, नवसाला पावणाऱ्या संदेष्ट्याला, नवस केला. आई करायची तसा, मोठ्यानं, मराठीत. “याला परत आण. मलिदा करीन. आणि हा म्हणेल तिथं जाईन. कायमची जाईन.” शेवटचं वाक्य म्हणताना तिचा आवाज थांबला नाही. सव्वा तासानं दार उघडलं आणि नाथन आत आला, केसांवर दहिवर, ओठ निळे. “चुकलो होतो,” म्हणाला. तिनं त्याच्या हातात गरम कप दिला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, “आपण जाऊ या अश्दोदला.” त्यानं कप खाली ठेवला. मग लहान मुलासारखा रडला. नवसाविषयी ती बोलली नाही. घरी आल्यावर तिनं मलिदा केला, पोहे, ओलं खोबरं, गूळ, पाच फळं, आणि त्याला वाटलं सुखरूप परतलो म्हणून केला.

आणि तो तीस पावलांवर होता.

करंजाला ती उतरली तेव्हा अडीच वाजले होते. काशिराम पैसे घेताना म्हणाला, “थांबू का मावशी? हिकडून रिक्षा मिलंल, पन वेल लागंल.” ती नको म्हणाली. तो चार पावलं रिक्षा नेऊन पुन्हा थांबला, वळून बघितलं, आणि मग गेला. बंदरात भरती होती. होड्या एकमेकींना घासत होत्या, रंग नवे, नावं नवी, नुकताच मासेमारीचा हंगाम सुरू झाला होता. पावसाळा म्हणून सुकवणं नव्हतं, बांबूंचे मांडव रिकामे उभे होते, पण वास होता. रूबी त्या वासात उभी राहिली. एक कोळीण टोपल्या धूत होती, तिनं एक प्लास्टिकचा क्रेट पालथा करून पायानं तिच्याकडे सरकवला. “बस गो बाय. कवाधरनं उभी हायस. कुनाची वाट बघतेस?”

“कुणाची नाही.”

“मंग तं बसच. वाट बघनारी उभी रायते.”

तिचं नाव गुणाबाई. आणखी काही न विचारता ती कामाला लागली. रूबी बसली, आणि पर्समध्ये फोन वाजला. नाथन. ती स्क्रीनकडे बघत राहिली. वाजून वाजून थांबला. पाच मिनिटांनी पुन्हा वाजला. थांबला. पुन्हा. सुरुवातीला तिला बरं वाटलं, सरळ सरळ बरं, वाजवू दे, साठपर्यंत मोजू दे. चौथ्या खेपेला ते बरं वाटणं बदललं. फोन वाजत होता आणि पनवेलमध्ये एक माणूस खिडकीशी उभा राहून तिला हाक मारत होता, आणि ती हाक तिच्या मांडीवर थरथरत होती. दोन हाकांच्या मधली शांतता आली की तिला धडकी भरे, आता थांबला की काय. पुन्हा वाजला की अंगभर ऊब पसरे. जन्मभर तिनं इतरांच्या हाका पोचवल्या, तिला स्वतःला असं कुणी सलग बोलावल्याचं आठवेना. सहाव्या खेपेला तिला समजलं की खडकाआड बसलेल्या माणसाला उठवत का नव्हतं. हे समजलं म्हणून राग गेला नाही. राग होता तिथंच राहिला, पण आता तो एकटा नव्हता.

सातव्या खेपेला तिनं फोन उचलला.

“कुठं आहेस तू?” नाथनचा आवाज फाटला होता. “मी स्टुडिओत जाऊन आलो, दवाखान्यात जाऊन आलो—”

“करंजाला.”

“करंजाला? तिथं कोण आहे?”

“कोणी नाही.”

“मी येतो,” तो म्हणाला. “उठू नकोस तिथून.”

तो येईपर्यंत तिला सासूचं बोलणं आठवलं. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसात, घावणे घालताना सासू म्हणाली होती, “नवस करशील तर नवऱ्याच्या कानावर घालताना जपून गं. आपल्या पुस्तकात आहे. ज्या दिवशी तो ऐकतो, त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत त्याला तो मोडता येतो. गप्प बसला तर नवस पक्का.” तेव्हा दोघी हसल्या होत्या, कारण नवऱ्यांना नवस मोडायचेच असतात, निदान खर्चाचे. नाथनला हा नियम माहीत असणार. त्याचे वडील सिनेगॉगमध्ये तोरा, म्हणजे तेच पुस्तक, वाचायचे, तो त्यांच्या मांडीवर बसून शिकला. रूबीनं ठरवलं, नवस सांगायचा. नियम सांगायचा नाही.

नाथन आला तेव्हा सहा वाजून गेले होते. घरातल्या सपाता घालूनच आला होता. गुणाबाईनं त्याच्याकडे बघितलं, रूबीकडे बघितलं, आणि दुसरा क्रेट सरकवला. तो बसला. 

“सकाळचं ते,” तो म्हणाला. “हेतलपुढं उगाच—”

“तीस पावलांवर होता.”

“आधी खरंच चुकलो होतो रूबी. देवाशपथ. कुठं खाली, कुठं वर, काही कळेना. मग हॉर्न आला. आवाजावर चालत आलो, गाडीचा दिवाही अंधुक दिसला. आणि तिथंच खडकाआड बसलो.” तो सपातीच्या अंगठ्याशी चाळा करत होता. “म्हटलं, ही थांबेल तेव्हा उठू. तू थांबेचनास. मला तिथं असं वाटलं की, इथं आपल्याला कुणीतरी बोलवतंय. पनवेलला मी मेलो तर कद्दिशची प्रार्थना म्हणायला दहा माणसं नाहीत, हे रोज डोक्यात असतं माझ्या. तुला कधी सांगितलं नाही. शेवटचा राहिलेला माणूस कोण पुरणार? आणि तिथं तू आपली एकटी दहा जणांसारखी वाजवत होतीस.”

“मी नवस केला होता,” रूबी म्हणाली.

तिनं सगळा सांगितला. जसा केला होता तसा, शब्दाला शब्द. “हा म्हणेल तिथं जाईन, कायमची.” नाथननं तिच्याकडे बघितलं नाही. त्याची मान हळूहळू वर झाली आणि खाडीच्या तोंडाशी जिथं सूर्य पाण्यापासून चार बोटं वर होता, तिथं जाऊन थांबली. तेव्हा तिला कळलं की त्याला आठवतंय.

एक होडी आत येत होती, इंजिनाचा टुकटुक आवाज करत. सूर्य तीन बोटांवर आला. रूबीनं हात मांडीवर घट्ट धरले होते. तिला वाटलं, हा गप्पच राहील, आणि राहिला तर मी जाईन, शब्द दिलाय, तिथल्या सोफ्यावर बसेन, रोज बसेन. वाटलं, आपण त्याला आठवण करून द्यावी. दिली नाही. दोन बोटं. सूर्य लाल होऊन पसरट झाला, खालची कडा डळमळली. इथला सूर्य मावळतो, नेमका मावळतो, आणि मग काही करता येत नाही. तो काहीतरी पुटपुटला. हिब्रूत, वडिलांच्या जुन्या हेलात, एकदा, दोनदा, तीनदा. मग मराठीत म्हणाला, “मोकळी आहेस.”

सूर्याची कडा पाण्याला लागली.

रूबीला वाटलं होतं, आपल्याला हलकं वाटेल. तसं झालं नाही. पायांखाली जमीन किंचित सरकल्यासारखी झाली. तिनं क्रेटची कड धरली.

“आता विचारा,” ती म्हणाली.

“काय विचारू?”

“चाळीस वर्षं तुम्ही म्हणालात, आपण जाऊ. मला विचारलं नाहीत कधी.”

तो तिच्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर उजेड होता, तांबूस, जाणारा. “रूबी,” तो म्हणाला, “तू येशील का माझ्याबरोबर? कायमची?”

“नाही.”

इतका लहान शब्द. बघू, बघू म्हणत तिनं तो किती वर्षं तोंडात धरून ठेवला होता. नाथननं मान हलवली, जशी एखाद्या ड्रायव्हरनं रस्ता बंद असल्याचं कळवल्यावर तो कळंबोलीच्या टेबलाशी हलवायचा.

“आणि मला जायचं असलं तर?”

“तर जा. हदासला बरं वाटेल. रोज फोन करीन.”

“आणि राहिलो तर?” त्याचा आवाज अगदी खाली गेला. “दहा माणसं कुठून आणशील तू?”

“ठाण्याहून. मुंबईहून. अलिबाग, पेण, जिथून मिळतील तिथून. एकेकाला फोन लावीन, येतो म्हणेपर्यंत ठेवणार नाही. तेवढं येतं मला.”

नाथन हसायला गेला, आणि हसू मध्येच मोडलं. त्यानं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. जाईन की राहीन, हे तो बोलला नाही, तिनं विचारलं नाही. होडी धक्क्याला लागली होती. दोर फेकले गेले, माणसं ओरडायला लागली, टोपल्यांवर टोपल्या वर येऊ लागल्या, ओल्या, चमकणाऱ्या, आणि लिलावासाठी बायकांची झुंबड उडाली.

“सरका, सरका,” डोक्यावर पाटी घेतलेली गुणाबाई ओरडली, “वाटंत काय बसलाव दोगं!”

दोघं गडबडीनं उठली. दोन्ही बाजूंना जागा होती. नाथन डावीकडे सरकला आणि रूबीही त्याच बाजूला सरकली.